स्मूदनिंगचा अंमल आणि त्याची मुदत

केसांची ठेवण आपल्या मर्जीप्रमाणे बदलावी ही मनुष्याची हौस पुरातन आहे. परंतु ज्या प्रक्रियेस आज आपल्या शहरांतील, आणि आता तालुक्याच्या गावांतीलही, सलूनमध्ये ‘स्मूदनिंग’ म्हणून ओळखतात, तिचे स्वरूप पूर्वीच्या बहुतेक केशप्रसाधनांहून मूलतः वेगळे आहे, कारण तीत केसावर काही लावून त्याची शोभा वाढवलेली नसते, तर केस ज्या द्रव्याचा घडला आहे त्या द्रव्याच्या अंतर्रचनेतच हस्तक्षेप केलेला असतो. चार-सहा तास खुर्चीत बसून आणि काही हजार रुपये मोजून घरी निघालेल्या स्त्रीस दारातच काही सूचना तोंडी दिल्या जातात: तीन दिवस केसांना पाणी लावायचे नाही, बांधायचे नाहीत, कानामागे घ्यायचे नाहीत, तेल लावायचे नाही, आणि सलूनने दिलेल्याच शॅम्पूने धुवायचे. या सूचना बहुतांशी योग्य असतात. परंतु त्यांची कारणे कोणी सांगत नसल्यामुळे त्यांतील कोणती तीन दिवसांपुरती, कोणती कायमची आणि कोणती केवळ विक्रीच्या सोयीची, याचा निवाडा करण्याचे साधन त्या स्त्रीच्या हाती राहत नाही, आणि दोन-तीन महिन्यांत केस पुन्हा फुगू लागले की दोष आपला की सलूनचा, या संभ्रमात ती पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसते. हा संभ्रम दूर होण्यासाठी केसाच्या रचनेची थोडी ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

केसाचा मुख्य घटक केराटिन नावाचे प्रथिन. मस्तकावरील एका केसाची जाडी साधारणपणे मिलिमीटरच्या विसाव्या भागापासून दहाव्या भागापर्यंत असते. त्याच्या बाह्यांगावर पारदर्शक खवल्यांचे पाच ते दहा थर असतात, आणि कोकणातल्या घराच्या छपरावर कौले जशी एकाच्या कडेवर दुसरे टेकवून बसवलेली असतात, तसे हे खवले मुळाकडून टोकाकडे एकमेकांवर बसलेले असतात. ते मिटलेले असले की केस चकाकतो आणि एक केस दुसऱ्यावरून अलगद घसरतो. ते उचलले गेले की केस रुक्ष होतो आणि गुंततो. खवल्यांच्या आत जो भरीव भाग आहे, त्यात केराटिनच्या लांब साखळ्या शेजारी शेजारी असून त्या परस्परांशी तीन प्रकारच्या बंधांनी जखडलेल्या असतात. हायड्रोजनचे बंध संख्येने पुष्कळ पण दुर्बळ, इतके की पाणी लागताच ते सुटतात आणि केस वाळताच पुन्हा जुळतात. क्षारबंध आम्लतेच्या कमी-अधिक प्रमाणानुसार सैल किंवा घट्ट होतात. आणि गंधकाच्या दोन अणूंमधील बंध हे सर्वांत बळकट, जे पाण्याने वा साध्या उष्णतेने हलत नाहीत. केस कुरळा उगवतो तो मुळात त्वचेतील केशकूपाच्या घडणीमुळे, पण उगवलेला तो आकार आयुष्यभर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः या गंधकबंधांचे.

हे ज्ञान आपल्याला सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानातून मिळालेले नाही, ते लोकरीच्या गिरण्यांतून आले. इंग्लंडातील लीड्स हे लोकरीच्या व्यवसायाचे मोठे ठाणे असल्यामुळे तेथील विद्यापीठात धाग्यांचा अभ्यास आस्थेने होत असे, आणि १९३० नंतरच्या दशकात विल्यम ॲस्टबरी यांनी लोकरीची व मानवी केसाची क्ष-किरणांनी छायाचित्रे घेऊन असे दाखवून दिले, की ओलसर अवस्थेत ताणलेल्या केसातील प्रथिनांची मांडणीच पालटते. त्याच विद्यापीठातील स्पीकमन यांनी लोकरीला पडलेली घडी कायम कशी होते याचा माग काढताना गंधकबंधांचे तुटणे आणि जुळणे हे त्याचे मर्म असल्याचे प्रतिपादन केले. पुढच्या दहा वर्षांत थायोग्लायकोलिक आम्लाच्या लवणांनी हे बंध साध्या तापमानावर तोडता येऊ लागले आणि केसांना कृत्रिम कुरळेपणा देण्याचा व्यवसाय त्यावर उभा राहिला. त्याच रसायनाचा उलट दिशेने उपयोग करून, म्हणजे बंध तोडून, तापलेल्या इस्त्रीने केस सरळ करून आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रव्याने बंध नव्या जागी जुळवून, कायमचे सरळ केस देण्याची जी पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये परिपक्व झाली, तीच आपल्याकडे रिबॉन्डिंग या नावाने आली. आपल्या सलूनमधील स्मूदनिंग म्हणजे पुष्कळदा याच पद्धतीचा सौम्य अवतार होय.

पण नेहमी नव्हे, आणि येथेच खरी मेख आहे. स्मूदनिंग या एकाच नावाखाली एक सर्वस्वी निराळी प्रक्रियाही विकली जाते, जी ब्राझीलमधून जगभर पसरली आणि जिला आपण ‘केराटिन ट्रीटमेंट’ म्हणतो. तीत गंधकबंध सहसा तोडले जात नाहीत. केराटिनचे बारीक तुकडे, सिलिकोन आणि फॉर्मल्डिहाइड किंवा ग्लायॉक्सिलिक आम्ल यांसारखे द्रव्य असलेले मिश्रण केसांना लावून दोनशे अंश सेल्सिअसच्या वर तापलेली इस्त्री त्यावरून वारंवार फिरवली जाते. उष्णतेने त्या द्रव्याचे केसातील प्रथिनांशी नवे दुवे जुळतात आणि बाहेरून एक पातळ आवरण बसते. हे दुवे आणि हे आवरण प्रत्येक धुण्याबरोबर थोडे थोडे कमी होत जाते, म्हणून या प्रक्रियेचा अंमल साधारणतः तीन ते पाच महिने टिकतो आणि मग केस बव्हंशी आपल्या मूळ वळणावर येतात. पहिल्या प्रकारात याच्या उलट आहे: ज्या केसावर प्रक्रिया झाली तो तुटेपर्यंत किंवा कापला जाईपर्यंत मूळचे वळण धरत नाही, फक्त मुळाशी महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर या गतीने नवा केस जुन्याच वळणाने उगवत राहतो, आणि सहा महिन्यांनी सात सेंटिमीटरांच्या आसपास लांबीची ती कुरळी पट्टी सरळ केसांच्या वर स्पष्ट दिसू लागते.

तेव्हा मुदत वाढवायची असेल तर पहिले काम शॅम्पू बदलण्याचे नाही, चौकशीचे आहे. आपल्या केसांवर दोहोंपैकी कोणती प्रक्रिया झाली, कोणत्या उत्पादनाने झाली, कोणत्या तारखेस आणि किती लांबीवर झाली, याची लेखी नोंद सलूनकडून मागून घ्यावी व जपून ठेवावी. दागिना घेताना आपण पावती घेतो, औषध घेताना नाव वाचतो. मग अंगावर लावलेल्या रसायनाचा तपशील मागताना संकोच का वाटावा, हे मला कधीच उमगलेले नाही. हा तपशील हाती असला की पुढच्या प्रत्येक सूचनेचे वजन आपले आपल्याला ठरवता येते.

तीन दिवसांच्या सूचनेचेच पाहा. केराटिन प्रकारात इस्त्रीने सुरू केलेली जुळणी सलूनमधून बाहेर पडल्यावरही काही काळ चालू राहते आणि आवरणही पुरते स्थिरावलेले नसते, म्हणून पुष्कळशा उत्पादनांत अठ्ठेचाळीस ते बहात्तर तास पाणी वर्ज्य सांगतात. मात्र काही उत्पादने त्याच दिवशी धुण्याजोगी बनवलेली असतात, तेव्हा डबीवरील सूचनेस प्राधान्य द्यावे, ऐकीव नियमास नव्हे. रिबॉन्डिंग प्रकारात बंध जुळवण्याचे काम सलूनमध्येच बव्हंशी उरकलेले असते, पण सगळे बंध काही परत जुळत नाहीत. या दिवसांत केस दुर्बळ आणि वळण घेण्यास उत्सुक असतो, आणि घट्ट रबरबँड, क्लिप किंवा कानामागे सारलेली बट त्यावर सहज खूण उमटवते. घाम आलाच तर मऊ कापडाने टिपून थंड हवेच्या ड्रायरने वाळवावे. लग्नाच्या आदल्या दिवशी स्मूदनिंग करून दुसऱ्या दिवशी अंबाडा आणि त्यावर पंचवीस पिना, ही जी घाई हल्ली सर्रास दिसते ती या दृष्टीने फार अनिष्ट आहे. किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे.

यानंतर प्रश्न येतो धुण्याचा, आणि प्रक्रियेच्या आयुष्यावर सर्वांत मोठा परिणाम त्याचाच. पाण्यात भिजलेला केस आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी शोषून घेतो, त्याची लांबी फारशी वाढत नाही पण जाडी सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढते, आणि या फुगण्यात वरचे खवले उचलले जातात. प्रक्रिया झालेला केस सच्छिद्र असल्यामुळे त्याला हा त्रास अधिक. म्हणून धुणे आठवड्यातून दोनदा पुरे. दरवेळी सोडियम लॉरिल सल्फेटसारख्या प्रखर फेसकारी द्रव्याऐवजी सल्फेटविरहित सौम्य शॅम्पू घ्यावा, तो फक्त टाळूवर चोळावा आणि लांबीवरून नुसता फेस ओघळू द्यावा. कारण मळ आणि तेल टाळूशी असते, टोकाशी नसते. कंडिशनरचे याच्या उलट: तो लांबीला लावावा, टाळूला नाही. केसाचा पृष्ठभाग ऋणभारित असतो आणि कंडिशनरमधील द्रव्ये धनभारित, म्हणून ती तेथे चिकटून राहतात व खवले मिटवतात. सलूनने दिलेलाच शॅम्पू हवा असा आग्रह धरण्याचे शास्त्रीय कारण मला दिसत नाही. घटकांची यादी वाचून दुसरा सौम्य शॅम्पू घेतला तर काही बिघडत नाही. अंगाचा साबण मात्र केसांना अजिबात लावू नये, कारण तो अल्कधर्मी असतो आणि केसाची प्रकृती आम्लाकडे झुकणारी. खाण्याच्या सोड्याने केस धुण्याचे जे नुसखे फिरत असतात, ते याच कारणाने टाकाऊ होत. अंडे, दही, केळे यांच्या लेपांनी तुटलेले बंध जुळतील ही आशाही व्यर्थ आहे. अंड्यातील प्रथिनांचे रेणू आकाराने इतके मोठे असतात की ते केसाच्या आत शिरतच नाहीत.

पाण्याच्या जातीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. महाराष्ट्राच्या अनेक भागांत विहिरींचे आणि बोअरवेलचे पाणी जड असते, आणि शहरांतील कित्येक सोसायट्यांत नळाच्या पाण्याची तूट याच पाण्याने किंवा टँकरने भरून काढतात. अशा पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसाच्या ऋणभारित जागांवर बसते. रसायनाने संस्कारित केसावर अशा जागा अधिक असल्यामुळे तेथे थर लवकर साचतो, आणि मग उत्तम शॅम्पू वापरूनही केस राठ का लागतात हे कळेनासे होते. निदान शेवटचे धुणे पिण्याच्या पाण्याने करावे. पाणी उकळून निवळू दिल्यास त्यातील क्षारांचा काही भाग तळाशी बसतो, तोही उपाय घरोघर शक्य आहे. धुण्याचे पाणी कढत नसावे, कोमट असावे.

तेलाविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या घरांत सर्वांत जास्त वाद याच मुद्द्यावर होतात: सलूनवाली म्हणते तेल लावू नका, आणि आजी म्हणते तेलावाचून केसांचा कोळसा होईल. दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधक रेळे आणि मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा तिहींपैकी केवळ खोबरेल तेलानेच केसातून होणारा प्रथिनांचा ऱ्हास लक्षणीय प्रमाणात कमी झाल्याचे त्यांना आढळले, मग ते धुण्यापूर्वी लावलेले असो की नंतर, आणि केस निरोगी असो की रसायनाने क्षीण झालेला असो. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लाची साखळी आखूड आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरते, तेथे पाण्याला शिरकाव कमी मिळतो आणि केस कमी फुगतो. खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतील हे काम आहे हे ध्यानात ठेवूनही त्यामागील कार्यकारणभाव पटण्यासारखा आहे. मग हरकत कशाची? हरकत तेलाची नाही, ते काढण्यासाठी आपण जे करतो त्याची. डोईभर तेल थापून रात्रभर मुरवले की दुसऱ्या दिवशी ते उतरवण्यासाठी दोनदा-तीनदा शॅम्पू लावून खसाखसा चोळावे लागते, आणि त्या चोळण्यात केराटिनचे आवरणही तेलाबरोबर वाहून जाते. म्हणून पहिले दोन आठवडे तेल टाळावे; नंतर धुण्यापूर्वी तासभर, चमचाभर खोबरेल तेल केवळ लांबीला आणि टोकांना लावावे, एवढे की सौम्य शॅम्पूच्या एकाच हाताने निघेल. दिवाळीच्या अभ्यंगस्नानासही यात बाधा येत नाही. उटणे अंगाला, केसांना नाही. शिकेकाई आणि रिठा यांचा फेस सौम्य असतो, शिकेकाई किंचित आम्लधर्मी असते हाही तिचा गुण. परंतु त्यांची भरड पूड संस्कारित केसांवर चोळली की खवले ओरबाडले जातात, तेव्हा त्या रात्री भिजवून उकळून, वस्त्रगाळ केलेल्या काढ्याच्या रूपानेच वापराव्यात.

ओला केस वाळवण्याबाबत एक गोष्ट बहुतेकांच्या समजुतीविरुद्ध आहे. ड्रायर वाईट आणि वाऱ्यावर वाळवणे चांगले, असे आपण मानतो. पण २०११ साली कोरियातील संशोधकांनी केसांच्या बटांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले, की ड्रायर पंधरा सेंटिमीटर अंतरावर धरून सतत हलवत ठेवला तर केसाच्या पृष्ठभागावर थोडी इजा होते खरी, परंतु आपोआप वाळू दिलेल्या केसात खोलवरच्या, पेशींना सांधणाऱ्या द्रव्याला इजा आढळली, कारण तेथे पाणी दीर्घकाळ राहते. पंधरा सेंटिमीटरवर हवेचे तापमान सुमारे ४७ अंश असते, पाच सेंटिमीटरवर तेच ९५ अंशांपर्यंत पोचते. अंतराचे महत्त्व यावरून ध्यानी यावे. म्हणून टॉवेलने घासण्याऐवजी जुन्या सुती धोतराने किंवा टी-शर्टने पाणी टिपून, अर्धे वाळू द्यावेत आणि मग दूर धरलेल्या ड्रायरने वरून खाली वारा सोडावा. खवल्यांची दिशा तीच आहे. इस्त्री मात्र ओल्या केसावर कदापि फिरवू नये, कारण आतल्या पाण्याची एकाएकी वाफ होऊन केसात पोकळ फुगे पडतात आणि तेथून तो तुटतो. ओला केस ताणला जातो म्हणून विंचरण्याचीही घाई नसावी; रुंद दातांचा कंगवा घेऊन टोकापासून सुरुवात करून वर जावे.

ऋतुमान आपल्या हातात नाही. पावसाळ्यात मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत केस दिवसभर हवेतील पाणी शोषत राहतो. तेथे धुतल्यानंतर ओलसर केसांना लावलेले सिलिकोनयुक्त सीरमचे दोन-तीन थेंब उपयोगी पडतात. पोहण्याच्या तलावातील क्लोरीन आणि समुद्राचे खारे पाणी दोन्ही अपायकारक. उतरण्यापूर्वी केस गोड्या पाण्याने भिजवून त्यांस थोडा कंडिशनर लावावा आणि टोपी घालावी, म्हणजे आधीच तृप्त झालेला केस तलावाचे पाणी कमी शोषतो. उन्हातील अतिनील किरण तर गंधकबंधांवरच घाला घालतात. पुण्याच्या रस्त्यांवर दुचाकीवरून जाणाऱ्या मुली डोके आणि चेहरा स्कार्फने गुंडाळून घेतात, ती सवय धुळीसाठी पडली असली तरी केसांनाही तिचा मोठा लाभ आहे. फक्त हेल्मेटखालचा स्कार्फ खरखरीत सुती नसून गुळगुळीत असावा, आणि रात्रीची उशीची खोळही तशीच.

कोंडा किंवा टाळूचा अन्य विकार असेल आणि त्वचारोगतज्ज्ञाने औषधी शॅम्पू दिला असेल, तर स्मूदनिंग उतरेल या भयाने तो तहकूब करू नये. टाळूच्या आरोग्यापुढे केसांच्या सरळपणाची मातब्बरी ती काय?

हा सर्व खटाटोप पैशांच्या बचतीसाठीच आहे असे कोणास वाटेल. पण माझ्या मते त्याचे खरे कारण दुसरेच आहे. प्रत्येक नवी प्रक्रिया ही केसावर आणि शरीरावर नवा भार आहे. फॉर्मल्डिहाइड हे मानवात कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य आहे असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच ठरवले. इस्त्री फिरताना डोळ्यांना झोंबणारा जो धूर निघतो, त्यात ते असू शकते, आणि ते ग्राहकापेक्षा दिवसभर तेथे उभ्या असलेल्या कारागीर मुलींच्या छातीत अधिक जाते. अमेरिकेत ‘फॉर्मल्डिहाइडविरहित’ असे लेबल लावलेल्या उत्पादनांतही ते आढळल्यामुळे तेथील कामगार-सुरक्षा खात्यास २०११ साली धोक्याची सूचना काढावी लागली. त्याच्या जागी आलेले ग्लायॉक्सिलिक आम्लही निर्वेध ठरलेले नाही: २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने ट्युनिशियातील एका तरुणीची हकीकत छापली, जिने असे आम्ल असलेल्या क्रीमने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तीनही वेळा जिच्या मूत्रपिंडास इजा झाली. म्हणून गरोदरपणी व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ही प्रक्रिया करूच नये, इतरांनी खेळत्या हवेच्या खोलीतच करावी, टाळूला मिश्रण लागू देऊ नये, आणि चार महिन्यांऐवजी सहा महिने निभावता आले तर तेवढे अवश्य निभवावेत.

मेंदी आणि रंग यांचाही हिशेब याच वेळी करावा. मेंदीचा रंग प्रथिनाशी घट्ट जडतो आणि पुढची प्रक्रिया असमान बसते. बाजारातील काही काळ्या मेंद्यांत धातूंची लवणे असतात, ज्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडल्यास केस जळतो. अमोनियायुक्त रंग खवले उघडूनच आत शिरतो, तेव्हा स्मूदनिंगनंतर तो लावायचाच तर निदान दोन आठवडे थांबावे.

मुळाशी नवी वाढ दिसू लागली की सलूनमध्ये टच-अपचा तगादा सुरू होतो, आणि वेळ वाचवण्यासाठी पुष्कळदा मिश्रण संपूर्ण लांबीवरून ओढले जाते. रिबॉन्डिंग प्रकारात हे सर्वाधिक घातक, कारण जे बंध एकदा तोडून जोडलेले आहेत ते दुसऱ्यांदा तोडले की केस त्या सीमेवरच तुटतो. जपून ठेवलेली नोंद तेव्हा कामास येते: ती दाखवून आधीची प्रक्रिया कोठपर्यंत झाली आहे ते सांगावे, तोच प्रकार आणि शक्य तर तेच उत्पादन मागावे, नव्या वाढीपुरतेच मिश्रण लावून घ्यावे, खालच्या केसांवर संरक्षक क्रीमचा थर देण्यास सांगावे, आणि कानामागची एक बट आधी करून पाहून ती दुसऱ्या दिवशी ताणून तपासल्यावरच बाकीच्या डोक्यास हात लावू द्यावा.